व्हायटल : आठ महिने वापरल्यावर

आमच्या ग्रुपच्या एकांकिकांचं पार्श्वसंगीत मी करतो. बजेट म्हणाल तर तालमीच्या चहाइतकं. म्हणून सिंथ (कॉम्प्युटरवर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर वाद्य) शोधताना पहिली अट फुकट असण्याची होती, आणि मॅट टायटेल यांनी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आणलेला व्हायटल उतरवून घेतला. मोफत आवृत्तीतही तीन ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारे भाग), दोन फिल्टर (आवाज गाळणारे) आणि सगळे इफेक्ट आहेत. पैसे भरले की मुख्यतः जास्तीचे प्रिसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल (लहरींच्या आकारांचे संच) मिळतात.

पहिले दोन महिने मी एकच चूक मन लावून केली. आवाज भरदार हवा ना, मग युनिझन, म्हणजे एकाच लहरीच्या किंचित सरकवलेल्या प्रती, वाढव! प्रत्येक ऑसिलेटरला अशा १६ प्रती, म्हणजे व्हॉइसेस, देता येतात. तीन ऑसिलेटरचे झाले ४८, चार सुरांची कॉर्ड धरली की १९२ लहरी एका वेळी. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा चटणी वाटायला घेतल्यासारखा घरघरायचा, आणि एवढं करून कानावर काय यायचं, तर मोहोळ उठल्याचा आवाज. रोलँडच्या १९९६ च्या जेपी-८००० सिंथमधला सुपरसॉ हा गाजलेला आवाज सात लहरींचा होता, त्यावर ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतवाल्यांची अख्खी पिढी पोसली गेली. मिनीमूग या जुन्या सिंथला तर तीनच ऑसिलेटर. हे सगळं वाचलेलं होतं, पण वाचून थोडंच कळतं!

कळलं ते प्रयोगाच्या दिवशी. शेवटच्या प्रवेशासाठी एक पॅड (मागे लांबत राहणारा भरीव सूर) केला होता, हेडफोनवर अंगावर काटा यायचा. युनिझनचा स्टिरिओ पूर्ण पसरलेला, वर कोरस इफेक्ट, आणि कमी पडलं म्हणून बाहेरचा एक वाइडनर, जो एका बाजूच्या लहरीचा चढउतार (फेज) उलटवून रुंदी दाखवायचा. नाट्यगृहात दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो सोडत होते. डावी-उजवी एकमेकांना खाऊन बसली आणि बापाच्या मृत्यूवर डब्यातून आल्यासारखं काहीतरी किरटं वाजलं. दिग्दर्शक विंगेतून माझ्याकडे बघत होता. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

घरी येऊन कोरा प्रिसेट उघडला. समोर आजोबांची पेटी होती, खरज-नर सुरांची. एक पट्टी दाबली की नर सुराच्या सोबत सप्तकभर खालचा खरज वाजतो आणि दोनच पितळी पात्यांवर खोली भरते. तेच व्हायटलमध्ये मांडलं. पहिल्या दोन ऑसिलेटरवर सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर), एक ७ सेंट वर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), दुसरा ७ सेंट खाली, युनिझन बंद. तिसरा १२ सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, खाली, साधी साइन, अगदी सुरात.

तिसरा सुरात का, तर हिशोब बघा. २२० हर्ट्झच्या पांढरी सहाला वरच्या दोघांमधल्या फरकाने सेकंदाला साधारण पावणेदोन हेलकावे येतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित सरकल्या की येतात तसे, कानाला गोड. तोच फरक ५५ हर्ट्झला ठेवलात तर सव्वादोन सेकंदांत एकच हेलकावा. म्हणजे बेस सूर धरला की तो मध्येच फुगतो, मध्येच गायब होतो, आणि आपण उगाच स्पीकरला शिव्या घालतो. खालचा थर एकटाच ठेवायचा, मधोमध ठेवायचा. त्याच्या फेजचं रँडमायझेशनही शून्यावर आणा, नाहीतर तो दर वेळी लहरीच्या वेगळ्या जागेवरून सुरू होतो आणि ठोका सारखा बसत नाही.

पुढची जाडी हालचालीतून आली. लॅडर प्रकारचा फिल्टर, थोडा ड्राइव्ह (किंचित खरखर); एक एलएफओ (नॉब आपोआप हळू हलवणारी लहर) कटऑफवर, म्हणजे फिल्टर जिथून गाळतो त्या जागेवर, ७ सेकंदांचा, दुसरा वेव्हटेबलच्या पोझिशनवर ११ सेकंदांचा. दोघं पुन्हा एकत्र सुरुवातीला येतात ते ७७ सेकंदांनी, तोवर कानाला तोचतोपणा सापडत नाही. व्हायटलची खरी मजा इथे आहे: एलएफओ उचलून नॉबवर टाकायचा, की नॉबभोवतीची कड डोळ्यांदेखत हलायला लागते. कुठला हात कुणाच्या खांद्यावर आहे हे दिसतं. शिकणाऱ्याला याहून सोयीचं काही मी तरी वापरलेलं नाही.

रिव्हर्ब (घुमारा) सगळ्यात शेवटी. प्रिसेट ऐकताना तर तो बंदच करून ऐका, निम्मे प्रिसेट तिथेच पातळ निघतात. लॅपटॉप अडखळत असेल तर अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आवाज स्वच्छ ठेवण्यासाठीचं जादा गणित) उतरवून काम करा, अंतिम रेंडरला चढवा. आणि मास्टरवर (सगळा आवाज बाहेर पडतो त्या शेवटच्या चॅनेलवर) मोनोचं बटण हाताशी ठेवा. मी दर दहा मिनिटांनी दाबतो.

प्रो आवृत्ती अजून घेतलेली नाही. 'पेटी-खरज' नावाने सेव्ह केलेला तो पॅच सध्या चौथ्या एकांकिकेत वाजतोय, फक्त कटऑफ बदलून. दिग्दर्शकाच्या अजून लक्षात आलेलं नाही.