राउटरचा डबा एका व्हर्जनचा, आतला बोर्ड दुसऱ्याच! सेकंडहँड घेणाऱ्यांनी वाचा

गेल्या महिन्यात बुधवार पेठेत सेकंडहँड राउटर घेताना माझे अठराशे रुपये गेले. मी अभ्यास करून गेले होते, कुठला राउटर चालेल त्याची यादी पाठ होती, तरी फसवलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे धायरीला 100 एमबीपीएसचं फायबर आहे. स्पीडची तक्रार नाही, पण मुलाने गेम डाउनलोडला लावला की माझ्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, कारण कनेक्शनबरोबर आलेला राउटर डेटाची पॅकेट्स नुसती रांगेत कोंबून ठेवतो. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमध्ये टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर, त्यात एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) लावलं की ती रांग वाढतच नाही, डाउनलोड चालू असतानाही कॉल नीट चालतो. त्यासाठी ते चालणारा राउटर हवा होता.

आता एक गोष्ट, मॉडेलच्या नावावर काही ठरत नाही, हार्डवेअर व्हर्जनवर, म्हणजे त्याच मॉडेलची आतली कितवी आवृत्ती आहे त्यावर ठरतं. हे पहिल्यापासून असंच आहे. लिंकसिसच्या ज्या डब्ल्यूआरटी54जी वरून ओपनडब्ल्यूआरटीला नाव मिळालं त्याच्या व्हर्जन 4 मध्ये 4 एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि 16 एमबी रॅम (ते चालवायची मेमरी) होती, 2005 मध्ये व्हर्जन 5 आलं तर दोन्ही निम्मं आणि ओपनडब्ल्यूआरटी ज्यावर उभं आहे ते लिनक्सही गायब. बाहेरून डबा तोच! शेवटी लिनक्सवाल्यांसाठी डब्ल्यूआरटी54जीएल वेगळा काढावा लागला. आज राउटर घेताना 16 एमबी फ्लॅश, 128 एमबी रॅम तरी हवी, 4 आणि 32 वाल्यावर ताजं ओपनडब्ल्यूआरटी चालत नाही.

तर मी तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानात गेले. मला हव्या त्या मॉडेलचं व्हर्जन 3 पाहिजे म्हटलं, त्याने लगेच डबा उलटा करून स्टिकर दाखवला, "ताई, तीनच आहे, वाचा ना, मुलं येऊन नेतात यात ओपनडब्ल्यूआरटी टाकायला." अडॅप्टर लावून लाइट दाखवले. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटीचे वेगळे पडतील, आणि कागदाच्या चिठ्ठीवर नुसतं "राउटर 1800" लिहून दिलं. मी यूपीआयने पैसे दिले, नशीब, तेवढा तरी पुरावा राहिला.

घरी आल्यावर ओपनडब्ल्यूआरटीची फाइल चढवली तर एरर, फाइल चुकीची आहे. परत डाउनलोड केली, परत तेच. रात्री साडेअकराला राउटरच्या सेटिंगमधल्या स्टेटसच्या पानावर मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर) दिसला आणि सहज खालच्या स्टिकरशी ताडून पाहिला, एकही जोडी जुळेना. लॅन (घरातली जोडणी), वॅन (बाहेरच्या इंटरनेटची) आणि वायफाय यांचे मॅक एक-दोनने पुढेमागे असतात हे मला माहीत होतं, पण इथे सगळाच आकडा वेगळा. मग डबा उघडला. स्क्रूंची डोकी आधीच घासलेली. आत आठ पायांची फ्लॅश चिप असते, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की तिच्यावरचा नंबर वाचता येतो: 25क्यू32. ते 32 मेगाबिट असतात बरं का, म्हणजे 4 एमबी. मला हवी होती त्या 16 एमबीला तिथे 128 लिहिलेलं असतं. म्हणजे व्हर्जन 3 चा मेलेला डबा, आणि आत त्याच मॉडेलच्या हलक्या व्हर्जनचा बोर्ड.

एक बरं झालं की मी फाइल जबरदस्तीने घुसवायचा प्रयत्न केला नाही. राउटरच्या कंपनीच्या सेटिंग पानाने फाइलला नकार दिला म्हणजे काहीतरी कारण असतं, त्याला वळसा घालून टाकलं असतं तर राउटर मेला असता आणि मग सीरियल केबल जोडून जिवंत करत बसा.

दुसऱ्या दिवशी गेले तर "विकलेला माल परत नाही" अशी पाटी दाखवली. पाटीने काही होत नाही हो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, यूपीआयचा स्क्रीनशॉट, चिठ्ठी, दोन्ही मॅकचे फोटो जोडलेत.

तुम्ही घेणार असाल तर दुकानातच राउटर चालू करायला लावा, मोबाइल वायफायला जोडा, लॉगिन करून स्टेटसच्या पानावरचा मॅक आणि हार्डवेअर व्हर्जन स्टिकरशी जुळवा, पाच मिनिटं लागतात. लॉगिन करू देत नसेल तर सरळ निघा. आणि पावतीवर मॉडेल, व्हर्जन, सीरियल नंबर लिहून घ्या, जीएसटीचे पैसे लागले तरी.

मी परत गेले तेव्हा काउंटरमागच्या रॅकवर तसेच सात-आठ राउटर उभे होते, आणि त्यातल्या दोन-तीन राउटरच्या स्टिकरची कड जराशी उचललेली होती.