टॉवेलची दांडी घरीच बसवली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या बाथरूममधली टॉवेलची दांडी गेल्या डिसेंबरात भिंतीतून उपटून आली. आई अंघोळ करून स्टुलावरून उठत होती, आधाराला तिने दांडी धरली आणि उजव्या बाजूचा भिंतीवरचा जोड स्क्रू-गिट्टीसकट तिच्या हातात आला (गिट्टी म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी). दुसरा हात बेसिनवर होता म्हणून ती पडली नाही. आई ७४ वर्षांची आहे. त्यामुळे "एक दांडी तर तुटली" असं म्हणून मला ते सोडून देता येईना.

आमचं घर पुण्यात, इमारत आठ-नऊ वर्षांची. जानेवारीत मी ही दांडी स्वतः पुन्हा बसवली. आता गणपतीही होऊन गेले, म्हणजे अख्खा पावसाळा त्या दांडीने काढला. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी दोन उपाय फसले, तेही सांगते. पहिल्यांदा मोठ्या झालेल्या भोकात दोन पुड्या मळून करायचं एपॉक्सी भरलं आणि त्यातच जुना स्क्रू पिळला. अकराव्या दिवशी एपॉक्सीचा अख्खा गोळा बाहेर आला. एपॉक्सी स्क्रूला घट्ट चिकटलेलं होतं आणि त्याच्या बाहेरून भिंतीचा पांढरट चुरा लागला होता. म्हणजे एपॉक्सीने काम केलं होतं, सुटली होती भिंत. दुसऱ्यांदा चिकटवायची दांडी आणली. ती रिकामी असेपर्यंत छान राहिली. चार ओले टॉवेल टाकले की एका बाजूने हळूहळू खाली सरकायची.

तो पांढरा चुरा घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी तो चिमटीत चोळून बघितला आणि म्हणाले, "ताई, भिंत सिपोरेक्सची आहे. ह्यात साधी गिट्टी धरत नाही." सिपोरेक्स म्हणजे सिमेंटचा हलका ब्लॉक. माझा सगळा गोंधळ त्या एका वाक्याने मिटला. भोक पाडताना पडणारी पूड बघायची: लाल असेल तर वीट, राखाडी आणि ड्रिलचा बिट पुढे जायला कुरकुरत असेल तर काँक्रीट, पांढरट आणि बिट लोण्यात गेल्यासारखा जात असेल तर सिपोरेक्स. नव्या इमारतींमध्ये आतल्या भिंती बहुतेक ह्याच हलक्या ब्लॉकच्या असतात. ब्लॉक आतून जाळीदार, बुडबुड्यांनी भरलेला असतो.

घरी येऊन जुनी गिट्टी मोजली: ३० मिमी. आता हिशोब बघा. टाइल ८ मिमी, तिच्यामागचा सिमेंटचा माल सुमारे २० मिमी. म्हणजे बिल्डरच्या माणसाने लावलेली गिट्टी ब्लॉकपर्यंत जेमतेम पोचलेली होती. ती इतकी वर्षं टाइलमागच्या मालावरच तगून होती. त्यात दांडी भिंतीपासून ८ सेंमी पुढे आणि जोडाच्या दोन स्क्रूंमध्ये अंतर ४ सेंमी. दांडी खाली ओढली की वरच्या स्क्रूवर त्या ओढीच्या दीड-दोन पट ताण येतो. टॉवेलांचं त्याला काही नसतं. मी बॅगा मोजायच्या काट्यावर आमचा मोठा टॉवेल तोलून बघितला: कोरडा ४८० ग्रॅम, ओला करून पिळलेला १ किलो १५० ग्रॅम. असे चार म्हटले तरी पाच किलोंच्या आत. माणूस धरून उठतं तेव्हाचा भार ह्याच्या कितीतरी पट असतो.

काकांनी ८ मिमी जाडीचे, ८० मिमी लांबीचे नायलॉनचे प्लग आणि स्टेनलेसचे स्क्रू दिले. जुनी भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली आणि दांडी ५ सेंमी वर घेतली. बुजवलेल्या जागेतच पुन्हा ड्रिल करू नका, बिट घसरून जुन्या भोकात जातो. कुठेही बिट टेकवण्याआधी नळ आणि शॉवरच्या सरळ वर-खाली, तसंच गीझरच्या पॉइंटच्या रेषेत काही येत नाही ना ते बघा. पाइप आणि वायरी सहसा तिथून गेलेल्या असतात.

टाइलला भोक पाडायची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. तशी टाइल आता बाजारात मिळत नाही, तडकली की संपलं. मास्किंग टेपची फुली चिकटवली, तिच्यावर पेन्सिलने खूण केली, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोकत भोक पाडायची सोय, बंद ठेवला आणि टाइलचा बिट अगदी कमी वेगावर टेकवला. पहिला मिनिटभर काहीच होत नाही, नुसता कर्कश आवाज. तेव्हा जोर लावायचा मोह होतो, तो आवरा. मग एकाएकी आवाज बदलतो, जाडा होतो आणि बिट मालात शिरतो. तिथे थांबून साधा बिट लावला. त्यालाही ८५ मिमीवर टेप गुंडाळून खूण केली होती. हॅमर शेवटपर्यंत बंदच ठेवायचा. सिपोरेक्सला हॅमर लावला की भोक आतून फाकतं आणि मग कुठलाच प्लग धरत नाही. आतली पूड काढायला शॅम्पूची रिकामी, कोरडी बाटली वापरली. तोंड भोकाशी धरून दाबली की पूड भसकन बाहेर येते, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच.

भोकात थोडं सिलिकॉन भरून प्लग हातोडीने हलके ठोकत आत घातला. सिलिकॉन प्लग धरायला नाही, पाणी आत जाऊ नये म्हणून. हा ब्लॉक पाणी पितो. पाणसळ ठेवून दांडी समतल केली, स्क्रू आवळले आणि एक दिवस काही टांगलं नाही. ड्रिलच्या दिवसभराच्या भाड्यासकट सगळा खर्च सातशेच्या आत झाला. दांडी जुनीच वापरली.

आठ महिन्यांत प्लग तसूभर हललेला नाही. दर महिन्याला दांडी धरून हलवून बघते. जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल दिवसदिवस वाळत नव्हते, दांडी कायम भरलेली असायची, तरी काही झालं नाही.

खोट दोन ठिकाणी निघाली. जोडाच्या खालच्या बाजूला दांडी पकडून ठेवणारा बारीक ग्रब स्क्रू असतो, तो दोनदा सैल झाला आणि दांडी गोल फिरायला लागली. एलन कीने (सहा कोनी वाकडी चावी) अर्धा फेरा आवळला की जमतं, म्हणून ती चावी आता आरशाच्या कपाटातच ठेवली आहे. हा स्क्रू साध्या लोखंडाचा असल्याने त्याला गंज येऊन चहाच्या रंगाचा ओघळ टाइलवर उतरला होता. स्टेनलेसचा मिळाल्यावर बदलला. दुसरी चूक माझी. जोडाभोवती पूर्ण गोल सिलिकॉन फिरवलं. आत शिरलेल्या पाण्याला वाट राहिली नाही आणि ऑगस्टमध्ये खालच्या कडेला काळी बुरशी धरली. तेवढं खरवडून खालचा भाग उघडा ठेवला, त्यानंतर पुन्हा आली नाही.

नवीन दांडी घेणार असाल तर ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही." पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. बोअरच्या पाण्यात २०२ वर लवकर डाग पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दांडी इतकी पक्की झाली तरी मी आईला ती धरू देत नाही. टॉवेलची दांडी कितीही नीट बसवली तरी ती टॉवेलचीच. आईसाठी समोरच्या बाजूला, जिथे काँक्रीटचा कॉलम आहे, तिथे वेगळा ग्रॅब बार, म्हणजे माणसाने धरून उठायचा दांडा, लावला. ते काम मी केलं नाही. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर (आत फाकून घट्ट बसणारे धातूचे बोल्ट) ठोकायला मिस्त्रींना बोलावलं. राखाडी पूड पडतेय ना, हे मात्र शेजारी उभं राहून बघितलं. उंची पुस्तकातली घेतली नाही. आईला कपडे घालून स्टुलावर बसवलं, "उठ बघू" म्हटलं, आणि तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे खूण केली. सुरुवातीचे पंधरा दिवस सवयीने तिचा हात टॉवेलच्या दांडीकडेच जायचा. मग ग्रॅब बारवर लाल रंगाची टेप गुंडाळली. डोळ्यांत साबण असला तरी तिला तेवढा लाल पट्टा दिसतो.

दुसऱ्या बाथरूममधली दांडी अजून बिल्डरच्याच गिट्ट्यांवर आहे. त्या बाथरूममध्ये सुट्टीला आलेली भाचरं लोंबकळतात. दिवाळीच्या आधी तीही उतरवणार आहे, प्लग आणून ठेवलेत.