निळ्या रंगाला लॉकटाईटचे पैसे

धुळ्याजवळ हायवेवरच्या एका गॅरेजात बोलेरोच्या प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचं, काम करून घेतलं. क्रॉस (शाफ्टचा लवचीक सांधा) वाजत होता, तो बदलणं भागच होतं आणि तो खरंच नवा टाकला होता. गोम होती बिलाच्या खालच्या ओळींत: हायटेन्साईल (जास्त ताण सोसणारे) बोल्ट-नट, लॉकटाईट (नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं थ्रेड लॉक), टॉर्क फिटिंग (ठरलेल्या जोराने मोजून आवळणं). शाफ्टला काळा कुळकुळीत रंग मारून दिला तो मात्र फुकट, वर चहा.

पारोळ्याच्या पुढे गाडी थरथरायला लागली. क्लच सोडला की खालून टक्क. फोन केला तर मालक म्हणाले, "डिफरन्शियल उघडावं लागेल दादा, घेऊन या." डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी. गाडीखाली वाकायच्या आत निदान तयार! मोठा खर्च गळ्यात मारायला सैल बोल्टचा आवाज बरा उपयोगी पडतो.

एरंडोलला रस्त्याकाठी एक वयस्कर मिस्तरी भेटले. ते गाडीखाली सरकले आणि मागच्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीचा) एक नट त्यांनी पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "हाऊ काय बोल्ट शे का भाऊ?"

बोल्टचं डोकं कोरं होतं. खऱ्या हायटेन्साईल बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा उठवलेला असतो. 10.9 म्हणजे साधारण 1000 मेगापास्कलपर्यंत ताण सोसणारा, आणि त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत कायमचा न लांबणारा. आकडा नसलेला बोल्ट कशाचा आहे हे देव जाणे. नायलॉक नटही जुनेच होते, बोल्टला पकडून ठेवणारी आतली नायलॉनची रिंग झिजून गुळगुळीत झालेली.

आता ते 'लॉकटाईट'. नटाच्या बाहेर निळा थर होता, वाळून कडक झालेला. नखाने पापुद्रा निघाला. साधा ऑइलपेंट! खरं थ्रेड लॉक हवा नसलेल्या जागी, धातूच्या आट्यांमध्येच घट्ट होतं. बाहेर ओघळलेला थेंब ओलाच राहतो, फडक्याने पुसला जातो. आणि पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात; आमची गाडी चहा संपायच्या आत रस्त्यावर आली होती.

त्या फुकटच्या रंगानेही घात केला. फ्लँजच्या दोन तोंडांच्या मध्येही तो लागला होता. तिथे स्वच्छ लोखंडावर लोखंड बसायला हवं. मधला रंग दाबाखाली चेपतो, बोल्टचा ताण उतरतो, फ्लँज आडवे सरकायला लागतात आणि नट आपोआप उलटे फिरतात. असं आडवं सरकणंच बोल्ट सोडवतं, हे जर्मनीच्या युंकर यांनी 1969 मध्येच मांडलं होतं. अशा हादऱ्यांपुढे स्प्रिंग वॉशरही फारसा टिकत नाही, म्हणून "डबल वॉशर टाकलाय ना" असं कोणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. चालत्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उलटूही शकते.

मिस्तरींनी फ्लँज घासून कोरडे केले, 10.9 चे बोल्ट आणि नवे नट टाकले, टॉर्क पान्याने आवळले आणि प्रत्येक नटावरून फ्लँजपर्यंत पांढरी रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. थोडं चालवून झाल्यावर मी गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं, रेघा जिथल्या तिथे होत्या.

तुम्ही शाफ्टचं काम कराल तेव्हा जुने बोल्ट परत मागा, नव्यांच्या डोक्यांचा फोटो बसवण्याआधीच काढा, आणि 'टॉर्क फिटिंग' लिहिलं असेल तर तो पाना दाखवा म्हणा. धुळ्याजवळच्या त्या गॅरेजात तो नव्हताच, हे मालकांनी भांडणाच्या भरात स्वतःच सांगून टाकलं. "रस्तेच असे, आम्ही काय करणार" म्हणत बोल्टचे पैसे तेवढे परत दिले, मजुरी नाही. बिल, फोटो आणि तो कोरा बोल्ट जपून ठेवलाय. ग्राहक हेल्पलाईनला 1915 वर तक्रार नोंदवली आहे.