चार तक्त्यांतला भारत आणि त्यातले ‘इतर’

चोपडा तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेच्या भूगोल कक्षासाठी जूनमध्ये ‘भारताची लोकसंख्या’ हा चार भित्तितक्त्यांचा संच जळगावच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून घेतला. किंमत ७२० रुपये पडली. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जवळजवळ याच मजकुराचे आणखी दोन-तीन संच त्याच दुकानात पाहिले आणि त्यांचे गुणदोषही याच जातीचे वाटले. सहा महिने वर्गात वापरल्यानंतरचे हे मत आहे.

कागद जाड आहे, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन आहे, वर-खाली लाकडी पट्ट्या आणि टांगायला दोरी आहे. मथळे शेवटच्या बाकावरून वाचता येतात. सूचीतील अक्षरे मात्र तिसऱ्या बाकापलीकडे दिसत नाहीत.

पहिला तक्ता एकूण आकडेवारीचा आहे आणि तेथेच निष्काळजीपणा उघडा पडतो. २०११ च्या जनगणनेचे हंगामी आकडे आधी आले आणि अंतिम आकडे नंतर. या तक्त्यात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. लोकसंख्या १२१.०९ कोटी ही अंतिम दिली आहे, पण साक्षरता ७४.०४ टक्के ही हंगामी (अंतिम आकडा ७२.९९), आणि लिंग गुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) एका कोपऱ्यात ९४० तर दुसऱ्या कोपऱ्यात ९४३. विद्यार्थ्याने यातले खरे कोणते असे विचारले, तर शिक्षकाने तक्त्याकडे पाठ करूनच उत्तर द्यावे लागते. ‘लोकसंख्येत जगात दुसरा’ हे वाक्यही तसेच राहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने २०२३ मध्ये चीनला मागे टाकले. आकडे २०११ चेच असण्याबद्दल मात्र प्रकाशकाला दोष देता येणार नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे.

दुसरा तक्ता, म्हणजे वय-लिंग मनोरा (वयोगटांच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचलेला आलेख, सर्वांत लहान वय खाली), संपूर्ण संचात उत्तम. अनेक जुन्या तक्त्यांत भारताचा मनोरा अजून रुंद पायाचा काढलेला असतो. येथे सर्वांत खालची पट्टी वरच्या दोन पट्ट्यांपेक्षा आखूड आहे, आणि ते बरोबर आहे: २०११ मध्ये ० ते ४ वयोगटात ११.२८ कोटी, ५ ते ९ मध्ये १२.६९ कोटी आणि १० ते १४ मध्ये १३.२७ कोटी मुले होती. जननदर घटत असल्याचे एवढे सोपे चित्र पाठ्यपुस्तकातही सापडत नाही. शेजारी बिहार आणि महाराष्ट्र यांचे मनोरे दिले असते तर देशातच दोन वयांचे देश नांदतात हे दिसले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बिहारचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) ३.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता.

तिसरा तक्ता धर्म आणि सामाजिक गट यांचा. हिंदू ७९.८, मुस्लिम १४.२, ख्रिश्चन २.३, शीख १.७, बौद्ध ०.७, जैन ०.४ टक्के, हे आकडे अचूक आहेत. शेजारच्या वर्तुळात अनुसूचित जाती १६.६ आणि अनुसूचित जमाती ८.६ टक्के. अडचण आकड्यांची नाही, मांडणीची आहे. दोन्ही वर्तुळे एकाच रंगसंगतीत, एकमेकांना खेटून काढल्यामुळे मुलांना हे सगळे एकमेकांना वगळणारे गट वाटतात. यावल-रावेर पट्ट्यातील तडवी भिल्ल मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत, हे आमच्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. तक्त्यावर मात्र तडवींना कोठे बसवायचे हे कळत नाही. जमातीला धर्माची अट नाही, अनुसूचित जातीला मात्र ती आहे (हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध), एवढी एक ओळ पुरली असती. देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात राहतात, हेही मराठी तक्त्यात हवे होते. लोकसंख्या सरासरीने पसरलेली नसते हे आमच्या मुलांना घराजवळून समजते: नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९.३ टक्के आणि जळगावात साधारण १४ टक्के.

चौथा तक्ता भाषांचा, आणि माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू असे मोठे तुकडे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बाकीच्या भाषांचे लहान तुकडे आणि उरलेला एक करडा तुकडा, ‘इतर’. २०११ च्या जनगणनेत लोकांनी १९,५६९ नावांनी मातृभाषा नोंदवल्या. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांत त्यांची गटवारी झाली. ही चाळणी तक्त्यावर कोठेच नाही.

वर्गात मी मातृभाषा विचारली तेव्हा बहुतेकांनी ‘मराठी’ म्हणून हात वर केले. मग घरी आईशी कशात बोलता असे विचारले, तेव्हा अहिराणी, गुजरी, पावरी, बारेली, उर्दू अशी नावे निघाली. चाळीसगावकडच्या तांड्यावरून आलेल्या एका मुलाने गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, सांगितली. त्याची भाषा जनगणनेत ‘लमाणी’ म्हणून हिंदीच्या गटात मोजली जाते आणि भोजपुरी, राजस्थानीही त्याच गटात येतात, हे सांगितल्यावर हिंदीचा ४३.६३ टक्क्यांचा तुकडा मुलांनी नव्याने पाहिला. पावरी आणि बारेली भिलीच्या गटात जातात. भिलीचे भाषक १.०४ कोटी, म्हणजे अनुसूचीतील संथाळी, काश्मिरी, नेपाळी, सिंधी यांच्यापैकी प्रत्येकीहून अधिक. तरी तक्त्यावर भिली ‘इतर’मध्ये. अहिराणी ज्या ‘खान्देशी’ नावाखाली मोजली जाते तिचे भाषक २००१ मध्ये २०.७५ लाख आणि २०११ मध्ये १८.६० लाख होते. ही संख्यासुद्धा बोडो आणि मणिपुरी यांच्यापेक्षा मोठी आहे. दहा वर्षांत बोलणारे दोन लाखांनी घटले असे मला वाटत नाही. प्रगणकासमोर ‘मराठी’ म्हणण्याचा संकोची शहाणपणा वाढला असावा, जसा तो माझ्या वर्गात पहिल्या फेरीत दिसला.

संच घ्यावा का? पूर्ण संच घेऊ नये. दुसरा तक्ता निःसंशय घ्यावा, तिसरा शेजारी फळ्यावर दोन ओळी लिहिण्याची तयारी असेल तर घ्यावा. दुकानदार सुटे तक्ते प्रत्येकी २०० रुपयांना मागवून देतो, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाही. चौथ्या तक्त्यावर भाषांची नावे लिहून पाहिली. लॅमिनेशनवर शाई टिकत नाही, दोन दिवसांत पुसली जाते. शेवटी मुलांनी पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून, तीवर भिली, खान्देशी, पावरी, बारेली, गुजरी, गोरमाटी अशी नावे लिहून ती खालच्या लाकडी पट्टीला टाचण्यांनी लावली आहे. तक्ता गुंडाळायचा झाला की ती काढावी लागते.