पंधरा वर्षांची गाडी विकायची की ठेवायची? ठेवली. एक अख्खा उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी २०१० ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१३ पासिंग, सेकंड हँड घेतलेली. त्या वर्षी बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, आधी देशातल्या मोजक्या तेरा शहरांत आलं आणि त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या वर्षांनी जे बिघडतं त्यात कंपनीपेक्षा आपल्या उन्हाचा आणि आपल्या पाण्याचा हात मोठा असतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती रस्त्यात बंद पडायला लागली. धक्का नाही, आवाज नाही, सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना नुसती गप्प. अर्धा तास सावलीत ठेवली की काही झालंच नाही अशी चालू. घरात लगेच दोन पार्ट्या. मुलगा म्हणे फुंकून टाका, बायको म्हणे तुळजापूर-अक्कलकोटला एवढी बास आहे की.

एका ठिकाणी फ्युएल पंप बदलला, सात हजार गेले. दुसरीकडे प्लग आणि कॉइल झाले. एका मोठ्या वर्कशॉपने तर इंजिन खोलण्याचं सत्तर हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. गाडीला साठच्या वर कुणी द्यायला तयार नाही आणि दुरुस्ती सत्तरची, म्हणजे विषय संपला असं कुणालाही वाटेल.

शेवटी अक्कलकोट रोडच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने जे केलं ते कुणीच केलं नव्हतं. त्याने काही खोललं नाही. भर दुपारी गाडी उन्हात चालू ठेवली आणि शेजारी स्टूल टाकून बसला. पाऊण तासाने ती बंद पडली. मग ओलं गार फडकं घेऊन इंजिनच्या खालच्या बाजूला हात घातला, अंगठ्याएवढ्या एका काळ्या सेन्सरवर ते दाबून धरलं आणि मला म्हणाला, "मालक, आता मारा स्टार्टर." पहिल्या फटक्यात चालू!

तो क्रँक सेन्सर. इंजिन कुठवर फिरलंय हे तो कॉम्प्युटरला सांगतो. आतली बारीक तार तापली की फाकते, सिग्नल तुटतो, मग ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. गार झालं की तार परत टेकते. म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी ठणठणीत आणि मिस्त्री म्हणणार "काहीच दिसत नाही". ओरिजिनल सेन्सर दोन हजारांच्या आत बसला.

हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी लिहिला की "विकू का ठेवू" हा प्रश्न बहुतेक जण दोष सापडायच्या आधीच सोडवायला बसतात. दोष माहीत नसेल तर दुरुस्तीचा आकडा हा निव्वळ अंदाज असतो, आणि अंदाज नेहमी मोठाच सांगतात. आधी निदानाचे वेगळे पैसे द्या. पार्ट न बदलता नुसतं शोधून देणारा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा.

त्याच अक्कलकोट रोडच्या गॅरेजवाल्याने मग रेडिएटर उतरवला. आत गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर. वर्षानुवर्षं कुणी बाटलीतलं, कुणी बोअरचं पाणी ओतलेलं. नवीन रेडिएटर, थर्मोस्टॅट, होस पाइप, कूलंट, पुढचे शॉकअप आणि बुश धरून बिल चौतीस हजारांच्या आसपास गेलं.

गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर खर्च गेला की काढून टाका, असं सगळे सांगतात. मला हा हिशोब पटत नाही. खर्चाची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी कशाला, तिच्या जागी जी येणार तिच्याशी करा ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला, मुलाने ती बातमी मला रोज दाखवली. तरी जरा बरं मॉडेल घेतलं की ऑन-रोड पाच-सहा लाख होतातच. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी म्हणजे महिना दहा हजारांच्या वर हप्ता. माझी अख्खी दुरुस्ती तीन-साडेतीन हप्त्यांत बसते. आणि दोन लाखांची सेकंड हँड म्हणजे दुसऱ्याचा न सापडलेला दोष आपण विकत घेणं.

सोलापूरकरांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. जुनी गाडी बऱ्याचदा इंजिनाने नाही, पत्र्याने संपते. कोकणातल्या गाडीचा फ्लोअर कुजतो, आपल्या कोरड्या हवेत तो टिकतो. गाडी लिफ्टवर घेऊन मिस्त्रीने जॅक पॉइंटपाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, कुठेच आत गेला नाही. गेला असता तर मी एक रुपयाही घातला नसता. इथलं ऊन खातं ते रबर, बॅटरी आणि एसी, आणि ते सगळं बदलता येतं.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं इथे अजून बरेच जण समजतात. तो दिल्लीकडचा नियम. आपल्याकडे रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, होतं. फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, शिवाय पीयूसी, इन्शुरन्स आणि नवी नंबर प्लेट. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि पाच वर्षं निश्चिंत.

आता उणं. मे महिन्यात भर बाराला एसी नावापुरता. नवी पेठेतल्या गर्दीत तर खिडकी उघडावी असं वाटतं. ॲव्हरेजही उतरलं. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे, माझा अनुभव त्याच्या जवळपासच. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल म्हणून समाधान मानायचं. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र बदलून घ्या, जुने चिरतात. आतली प्लास्टिकची कामं तर डोकेदुखी. दाराचं हँडल भंगार बाजारातून आणावं लागलं.

खरी उणीव वेगळीच आहे. या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. २०१९ मध्ये ते नव्या गाड्यांना सक्तीचे झाले, म्हणजे माझ्या गाडीला कधीच लागू नव्हते. पैशाच्या हिशोबात जुनी गाडी जिंकते, इथे सपशेल हरते. म्हणून ती शहरात, पंढरपूर, मंगळवेढा एवढीच. पुण्याला हुतात्मा नाहीतर वंदे भारत. रोज हायवेने मोहोळ-टेंभुर्णी करणाऱ्याला मी दुरुस्ती सुचवणार नाही, त्याने सरळ नवी घ्यावी.

दुरुस्तीनंतर एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, उन्हाळ्यातही टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. वीस वर्षांपुढच्या गाडीची रिपासिंग फी आता १०,००० केलीय, त्यामुळे २०३० ला पुन्हा विचार करू. सध्या क्लच जड झालाय, आठ-नऊ हजार सांगितलेत. दसऱ्याच्या आधी टाकून घेणार आहे.