माइंडफुलनेस: जूनपासून करतेय, शाळेतल्या बाईचा अनुभव

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. नली-कलीचा वर्ग, म्हणजे पहिली ते तिसरीची पोरं एकत्र. वर कन्नडमधली परिपत्रकं, ऑनलाइन नोंदी, अंडी-केळ्यांचा हिशेब, सर्व्हेची ड्यूटी. गेल्या वर्षी सुट्टी लागली तरी शीण जाईना. पोरांचं काही वाटेनासं झालं, ते जास्त लागलं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी बर्नआउटच्या, म्हणजे कामानं पार पिचून जाण्याच्या, तीन बाजू मांडल्यात: थकवा, माणसांपासून तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. माझ्याकडे तिन्ही हजर!

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या, आठ आठवड्यांच्या कोर्सची फुकट रेकॉर्डिंग्ज लावून सुरुवात केली. बॉडी स्कॅनमध्ये पडून राहून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. पाऊण तास पडून राहायला घरात कोण देतंय! दुपारी केलं तर गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरणं सुरू. ते सोडलं.

टिकलं ते एवढंच. घंटा झाली की वर्गाच्या दारात चप्पल काढून उभं राहायचं, शहाबादी फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्यायचा, तीन श्वास, मग आत. परवा तिसरीतल्या एकानं पहिलीतल्या पोरीची पाटी फोडली. आधी माझे कान तापले, ते कळलं. कळलं म्हणून आवाज चढायच्या आत खडू खाली ठेवता आला. ओरडते अजूनही, पण मुख्याध्यापकांवरचा राग पोरांवर काढत नाही.

काम मात्र तिळभर कमी झालेलं नाही. एका प्रशिक्षणात 'श्वासाकडे लक्ष द्या' सांगितलं आणि संध्याकाळी त्याच प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आजच माहिती भरा'! जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणते. म्हणजे शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा ही मागणी सोडायची नाही.

पोरांना डोळे मिटून बसवायची घाईही नको. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात (२०२२) मुलांच्या मानसिक आरोग्याला त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. शिक्षकांचा थकवा थोडा उतरला, तोही फार टिकला नाही.

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करा म्हणतात, पण तेवढी रजा देतंय कोण? नव्यानं करणाऱ्यांनी तीन-चार मिनिटांचंच रेकॉर्डिंग घ्यावं. झोपच उडाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, हे नंतर.