चौऱ्याण्णवचा आकडा: स्पीडटेस्ट, फाइल कॉपी की आयपर्फ?

नारायण पेठेतल्या एका डिझाइनच्या ऑफिसातून फोन आला. "इंटरनेटचा तीनशे मेगाबिटचा प्लॅन घेतलाय आणि स्पीडटेस्टवर मिळतात चौऱ्याण्णव. कंपनी बदलू का?" मी विचारलं, दर वेळी चौऱ्याण्णवच? "हो, फार तर त्र्याण्णव." म्हटलं, थांबा, मी येतो.

इंटरनेट खरंच मंद असेल तर आकडा हलतो. सकाळी १८०, संध्याकाळी ६० असं काहीतरी दिसतं. ९४ वर ठाण मांडून बसला, तर कुठेतरी १०० मेगाबिटची लिंक लागलेली असते. हेडरमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्यासारख्या माहितीत, जाणारा भाग वजा केला की १०० चे साधारण ९४ उरतात, आणि गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे, ९४०. त्या ऑफिसात फॉल्स सीलिंगमधल्या नेटवर्क केबलच्या चार तार-जोड्यांपैकी निळी जोडी उंदरानं कुरतडली होती. १०० ला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक गेली की बहुतेक उपकरणं तक्रार न करता १०० वर उतरतात.

स्पीडटेस्टनं ९४ दाखवलं, पण कुठे अडलंय ते सांगितलं नाही. ते त्याचं कामच नाही. तुमचा वायफाय, राउटर, कंपनीची लाइन आणि पलीकडचा सर्व्हर, या सगळ्यांचा मिळून तो एकच आकडा देतो. कंपनीशी भांडायचं असेल तर हाच पुरावा चालतो, पण लॅपटॉप राउटरला केबलनं जोडून आणि बाकीचे डाउनलोड बंद करून. बेडरूममधून मोबाइलवर घेतलेला आकडा दाखवलात तर समोरचा "वायफायचा प्रॉब्लेम आहे सर" म्हणणार, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

फाइल कॉपीचा आकडा लोकांना सर्वांत खरा वाटतो, कारण रोजचं काम तेच. मला तो सर्वांत फसवा वाटतो. एक तर विंडोज मेगाबाइट दाखवतं, म्हणजे आठनं गुणायचं. ११ दिसले की तेच आपले चौऱ्याण्णव. दुसरं, सुरुवातीचा जोर रॅमचा असतो, मग डिस्क उघडी पडते. आणि दहा हजार छोटे फोटो एका मोठ्या व्हिडिओपेक्षा कितीतरी रेंगाळतात, नेटवर्क धडधाकट असलं तरी.

आयपर्फ-३ हा दोन मशीनमधल्या नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम, तो डिस्कला मधे घेतच नाही. एका मशीनवर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट, दहा सेकंदांत निकाल. अटी दोनच: दोन मशीन हवीत आणि फायरवॉलमध्ये ५२०१ पोर्ट (आयपर्फचा ठरलेला दरवाजा) उघडा हवा. उलट दिशेनंही चालवा. जाताना ९४० आणि येताना ३०० अशी तफावत मी पाहिली आहे. परदेशातल्या सर्व्हरशी मोजताना एकाच जोडणीवर विसंबू नका. विंडो, म्हणजे पोच येण्याआधी एका दमात पाठवता येणारा डेटा, ६४ किलोबाइटवर अडकली असेल आणि जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागत असतील, तर लाइन कितीही मोठी घ्या, साडेदहा मेगाबिटच मिळतील. चार समांतर जोडण्यांवर आकडा चौपट झाला, तर लाइनला दोष देऊ नका. आणि यूडीपीत (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) १ मेगाबिट दिसला तर घाबरू नका, आयपर्फमध्ये मुळात तेवढाच वेग ठरवलेला असतो. तो आपण वाढवायचा.

तेव्हा नवा राउटर, स्विच किंवा केबल घ्यायचा विचार असेल तर आधी आयपर्फ, तेही खिशात हात घालण्यापूर्वी. तो ९४० देत असेल तर आतलं नेटवर्क सोडा आणि केबलवरचा स्पीडटेस्ट घ्या. फाइल कॉपी शेवटी, एकाच मोठ्या फाइलनं.

त्या ऑफिसात केबलचा तुटका भाग कापून नवा कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला. आयपर्फ ९३८, स्पीडटेस्ट तीनशेच्या आसपास. फाइल कॉपी मात्र ४० मेगाबाइटवरच राहिली, कारण सामायिक फोल्डर एका जुन्या हार्ड डिस्कवर आहे. ती बदलायचं मालकांनी दिवाळीनंतरवर ढकललंय.